पंखांऐवजी नळ्या: एक विचित्र मॉडेल रॉकेट

तिकोनी पंखांचं रॉकेट बनवून झालं की हात शिवशिवायला लागतात. काही जण मग बशीच्या आकाराच्या मागे लागतात, काही पिरॅमिडच्या. मी मात्र सहा नळ्यांच्या शेपटीचं रॉकेट सुचवतो. दिसायला तऱ्हेवाईक, पण बांधायला साध्या रॉकेटपेक्षाही सोपं. पंख काटकोनात आणि सरळ लावण्याची जी कटकट असते, ती इथे भूमितीच निस्तरते. एका वर्तुळाभोवती त्याच मापाची बरोबर सहा वर्तुळं एकमेकांना टेकून बसतात. म्हणून अंगाला जी नळी वापराल, तिचेच सहा तुकडे शेपटीला लावायचे.

मापं मी माझ्या रॉकेटची देतो. नळी पुठ्ठ्याची, बाहेरून ३४ मिमी व्यासाची. अंग ४५ सेंमी, शेपटीचे तुकडे प्रत्येकी ६ सेंमी. तुकडे कापताना नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळा आणि तिच्या कडेने ब्लेड हलकेच फिरवत राहा. एका दमात कापायला गेलात तर नळी चेपते. कडा काचकागदावर गोल फिरवून सपाट करा आणि त्यांना पातळ सुपर ग्लूचा एक हात द्या. उतरताना पहिला दणका याच कडांना बसतो.

अंगावर सहा रेघा हव्यात. कागदाची पट्टी अंगाभोवती गुंडाळून टोकाला टोक भिडेल अशी कापा, तिची सहा सारख्या भागांत घडी घाला, घड्यांच्या खुणा नळीवर उतरवा. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात नळी दाबून धरली की उभी रेघ सरळ येते. मग पहिला तुकडा रेघेवर सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवा, तो पक्का झाला की त्याच्या शेजारचा, असं करत फिरत या. शेवटच्या तुकड्यापूर्वी मात्र थांबा आणि तो गोंदाशिवाय बसवून पाहा. जागा सैल वाटली तर कार्डाची पट्टी सरकवा, घट्ट वाटली तर आधी वाळलेला गोंद घासा. सगळ्या तुकड्यांची मागची कड अंगाच्या कडेशी समपातळीत हवी. नळ्या बऱ्याच मागे लोंबल्या तर इंजिनाचा झोत आतल्या आत हवा ओढून घेतो आणि जोर घटतो. याला क्रुशनिक इफेक्ट म्हणतात. शिवाय पुठ्ठा करपतो तो वेगळाच.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. अंग आणि शेजारशेजारच्या दोन नळ्या यांच्यामध्ये एक तिकोनी फट उरते. ३४ मिमीच्या नळ्यांमध्ये या फटीत साधारण ५.२ मिमी व्यासाची काडी मावते. लाँच रॉड, म्हणजे उडताना रॉकेटला सरळ ठेवणारी उभी सळई, ३.२ मिमीची असते. म्हणजे मागचा लाँच लग, ही सळई ओवायची छोटी नळी, आपल्याला फुकटात मिळाला. पुढचा लग म्हणून ५ मिमी जाडीच्या स्ट्रॉचा तुकडा अंगावर थेट चिकटवा, खाली ठोकळा वगैरे काही नको. फटीचा मध्य अंगापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो, त्यामुळे दोन्ही आपोआप एका रेषेत येतात. फटीत गोंदाचे ओघळ राहू देऊ नका, एवढीच काळजी.

आतली रचना नेहमीचीच: १८ मिमी इंजिनाची नळी, ती अंगात मधोमध धरणाऱ्या दोन कड्या, इंजिन जागेवर ठेवणारा हूक, नाक अंगाला बांधून ठेवणारी दोरी (शॉक कॉर्ड) आणि ३० सेंमीचं पॅराशूट.

खरी डोकेदुखी वजनाची आहे. सहा तुकडे मिळून ३६ सेंमी नळी होते, म्हणजे जवळजवळ दुसरं एक अंगच शेपटीला बांधल्यासारखं. गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे किमान एका व्यासाने, इथे ३४ मिमीने, असायलाच हवा; नाहीतर रॉकेट रॉड सोडताच कोलांट्या खातं. जेम्स बॅरोमन यांची १९६६ची दाबकेंद्राची सूत्रं पातळ, सपाट पंखांसाठी आहेत, ती इथे जशीच्या तशी लावू नका. ओपनरॉकेट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नळ्यांचे पंख वेगळे टाकता येतात, तिथून दाबकेंद्र काढा. गुरुत्वमध्य मात्र आकडेमोडीने नको. इंजिन, पॅराशूट, सगळं भरून रॉकेट पट्टीच्या धारेवर तोला. अंतर कमी पडलं तर बहुतेक जण नाकात क्ले कोंबतात. माझं मत वेगळं आहे: आधी अंग १० सेंमीने वाढवा, मग उरलेलं क्लेने भागवा. नाकातला प्रत्येक ग्रॅम इंजिनालाच उचलायचा असतो.

तरी खात्री हवीच. गुरुत्वमध्याशी दोरी बांधा, टेपने पक्की करा आणि मोकळ्या जागी अडीच मीटर दोरीवर रॉकेट डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून ते फिरत राहिलं तर उडवा. शेपूट पुढे आली किंवा रॉकेट आडवंतिडवं डुलत राहिलं तर परत नाकाकडे वळा. ही चाचणी जरा कडकच आहे; स्थिर रॉकेटही कधीकधी हिच्यात नापास होतं. तेवढा कडकपणा मला चालतो.

इंजिन तयारच घ्या. घरी दारू भरण्याचा विचारही नको, आणि आपल्या भागातले नियम आधी पाहा. माझं रॉकेट इंजिनासकट ९० ग्रॅमच्या आसपास भरतं, त्याला सी६-३ पुरतं. यातलं सी म्हणजे एकूण आवेग ५ ते १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी जोर न्यूटनमध्ये आणि ३ म्हणजे जळून झाल्यावर पॅराशूट उघडेपर्यंतचे सेकंद. सी६-७ घेऊ नका. नळ्यांना हवेचा विरोध भरपूर, त्यामुळे रॉकेट लवकर थांबतं. सात सेकंदांनी पॅराशूट सुटेपर्यंत ते नाक खाली करून वेगात येत असेल आणि कापड फाटेल.

पॅराशूटखाली न जळणारं वॅडिंग, म्हणजे इंजिनाच्या झळीपासून ते वाचवणारा भराव, भरा. वारा जोराचा असेल तर उडवूच नका, कारण वाऱ्याकडे तोंड वळवायची या आकाराची खोड जुनीच आहे. इग्निशन विजेचंच हवं, तेही निदान ५ मीटर लांबून. बटण दाबूनही पेटलं नाही तर विजेचा मार्ग तोडणारी सेफ्टी की काढा आणि पूर्ण मिनिटभर जवळ जाऊ नका.

रॉकेट खाली आलं की नळ्यांच्या आत डोकावा. गवत, माती अडकलेली असते. चेपलेली कड पेन्सिलीने आतून गोल करा, सुपर ग्लूचा थेंब द्या आणि पुढचं इंजिन बसवण्यापूर्वी पुन्हा एकदा पट्टीवर तोला.