‘ऑन थिन आइस’ कधी म्हणावं, कधी नाही

गोव्यात आपला बर्फाशी संबंध दोनच ठिकाणी: मासळीवर आणि ग्लासात. माझा भाचा कळंगुटच्या एका हॉटेलात बारवर आहे. तिसऱ्यांदा उशिरा पोचला तेव्हा मॅनेजर म्हणाला, ‘यू आर ऑन थिन आइस.’ भाच्याला वाटलं, बर्फाचे तुकडे पातळ पडताहेत. मशीन उघडून बघून आला बिचारा.

तर आधी चित्र डोळ्यांसमोर आणा. थंड देशांत हिवाळ्यात तळी गोठतात, लोक त्यांवर स्केटिंग करतात. माणसाचं वजन पेलायला नवा, स्वच्छ बर्फ साधारण 10 सेंटिमीटर जाड हवा, असं तिकडे धरतात. पण वरून जाड काय, पातळ काय, सारखाच दिसतो. आपल्याकडे ओहोटीला खाजनातला चिखल नाही का, सुकल्यासारखा दिसतो आणि पाय टाकला की पोटरीपर्यंत आत!

मग अर्थ ठरवा, कारण ते दोन आहेत. खोली पक्की नसताना पाहुण्याकडून आगाऊ पैसे घेणारा ‘स्केटिंग ऑन थिन आइस’: पाया कच्चा, तरी हा पुढे चाललाय. दुसरा अर्थ मॅनेजरचा: नाराजी आधीच ओढवलीय, आता एक चूक पुरे. याला ‘टांगती तलवार’ म्हणू नका, ती दुसऱ्याने टांगलेली असते. इथे आपणच चालत गेलेलो असतो. ‘तारेवरची कसरत’ तर कौतुकाची. मला विचाराल तर ‘शंभर भरत आलेत’ हेच जवळचं. शिशुपालाचे नव्व्याण्णव झालेत आणि कृष्ण मोजतोय.

वाक्यात ‘इन’ नको, ‘ऑन’च. ‘अ थिन आइस’ही नाही. ‘ऑलरेडी’ जोडलं की धार चढते: ‘ही इज ऑलरेडी ऑन थिन आइस.’

पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्राला हे लावू नका, तो नुसता ‘डेंजरस’. लाल बावटा दिसत असून पाण्यात उतरणाऱ्याला मात्र चपखल बसतं. लेखी मेमोत टाळा, आणि वरिष्ठाला तर कधीच ऐकवू नका. स्वतःबद्दल म्हणायला हरकत नाही. भाच्याने दुसऱ्या दिवशी तेच केलं: ‘सर, आय नो आय एम ऑन थिन आइस.’ आणि तेव्हापासून सव्वासातऐवजी पावणेसातची बस धरतो.