मखराचा प्लाय घरी कापताय? सर्क्युलर सॉ अशी चालवा

श्रावण अर्धा सरला की इंदुरात रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत मखराची मापं काढायला सुरुवात होते. प्लायची शीट येते आणि पाठोपाठ कुणाकडून तरी मागून आणलेली गोल ब्लेडची मशीन. चालवायला ती अवघड नाही. पण फळी कशी टेकवली, ब्लेड किती खाली सोडलं, गार्ड (ब्लेड झाकणारं कव्हर) मोकळा आहे का, हे खटका दाबण्याआधी ठरतं आणि हात वाचतो की नाही तेही तिथंच ठरतं. म्हणून इथं कापण्यापेक्षा मांडणीवर जास्त लिहितो आहे.

मशीन कोणती

लाकडासाठी 7 इंची सर्क्युलर सॉ घ्या. तिचं ब्लेड साधारण 185 मिमीचं असतं आणि मिनिटाला 5000च्या आसपास फेरे घेतं. 4 इंची मार्बल कटर फरशीसाठी असतो, त्याचे फेरे 12000च्या वर. त्याला बसेल असं दातेरी ब्लेड सियागंजच्या बाजारात मागितलं तर मिळतं आणि पुष्कळ मिस्त्री ते लावतातही. तुम्ही लावू नका. मार्बल कटरला खालून आपोआप मिटणारा गार्ड सहसा नसतो, आणि दाते लाकडात रुतले की मशीन हातातून उसळते. अँगल ग्राइंडरला दातेरी ब्लेड तर कधीच नको.

प्लग लावण्याआधी

खालचा गार्ड बोटानं मागे ओढून सोडा. तो खटकन मिटला पाहिजे. भुशानं अडकत असेल तर साफ करा. कामाला घाई म्हणून गार्ड तारेनं बांधून ठेवलेली मशीन कुणी दिली, तर तार सोडल्याशिवाय ती हातात घेऊ नका. शेजारच्या काकांना राग आला तरी चालेल.

ब्लेडवरचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला हवेत. प्लायला 40 किंवा जास्त दात्यांचं ब्लेड लावा, कड स्वच्छ निघते. बोथट ब्लेडला रेटावं लागतं आणि तिथंच तोल जातो. ब्लेड बदलताना प्लग काढूनच ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता ब्लेड किती खोल सोडायचं ते. 18 मिमीच्या प्लायला ब्लेड 22-24 मिमी बाहेर ठेवा, म्हणजे दाते खाली जेमतेम डोकावतील. पूर्ण ब्लेड बाहेर काढून कापलं तर अडकायचा धोका वाढतो आणि खाली काय कापलं जातंय ते दिसतही नाही.

फळीची मांडणी

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. दोन स्टुलांवर शीट ठेवून मधोमध कापायला घेतलं की ती मध्ये वाकते, कापलेली फट वरून मिटते आणि फिरतं ब्लेड चिमटीत सापडतं. मग ब्लेड थांबत नाही, सगळी मशीन मागे, तुमच्याकडे उसळते. यालाच झटका (किकबॅक) म्हणतात.

8 बाय 4ची शीट जमिनीवरच कापावी हे उत्तम. खाली चार बत्ते (लाकडी पट्ट्या) आडवे न टाकता कापायच्या रेषेला समांतर टाका, दोन रेषेच्या अलीकडे, दोन पलीकडे. कापून झाल्यावरही दोन्ही तुकडे जागच्या जागी राहिले पाहिजेत. पलीकडचा तुकडा कुणाला उचलून धरायला सांगू नका, मदत म्हणून तो वर उचलतो आणि फट मिटते. एक सरळ पट्टी क्लॅम्पनं आवळून मशीनचा तळ तिच्या कडेनं सरकवा. दाते खालून वर कापत येतात, त्यामुळे चिलपे वरच्या बाजूला उडतात; दर्शनी बाजू खाली ठेवा.

वीज आणि कपडे

भाद्रपदात अंगण ओलं असतं, तिथं मशीन नको. कोरडी पडवी किंवा खोली बघा. घरच्या बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. एक्स्टेंशनची वायर 1.5 चौरस मिमीची, पूर्ण उलगडलेली, आणि ती तुमच्या पाठीमागून यावी. पदर, ओढणी, सैल बाह्या आवरा. सैल हातमोजेही घालू नका, ते ब्लेडमध्ये ओढले जातात. डोळ्यांना गॉगल, कानांना प्लग, नाकावर एन-95 मास्क.

कापताना

रेषेच्या जरा बाजूला उभे राहा किंवा गुडघे टेका, मशीनच्या सरळ मागे अंग नको. दोन्ही हात दोन्ही मुठींवर. ब्लेड लाकडाला न टेकवता खटका दाबा, पूर्ण वेग येऊ द्या, मग सावकाश पुढे सरका. रेष चुकली तर मशीन चालू ठेवून वळवू नका. खटका सोडा, ब्लेड थांबू द्या, मागे घेऊन पुन्हा सुरू करा. मोटरचा आवाज जड झाला म्हणजे फट मिटते आहे, लगेच थांबा. मखराची महिरप या मशीननं कापायचा मोह नको, गोलाईला जिगसॉ (वरखाली चालणाऱ्या बारीक पात्याची मशीन) घ्या.

कापून झाल्यावर खटका सोडला तरी ब्लेड काही क्षण फिरत राहतं. ते थांबून गार्ड मिटलेला दिसेपर्यंत मशीन खाली ठेवू नका. वीतभर लांबीचे उरलेले तुकडे पायाखाली दाबून मशीननं कापण्यापेक्षा हातकरवत काढा, पाच मिनिटांचं काम आहे.