विकसनशील देशांबरोबरच्या संशोधनाचे विषय निवडताना

सिंधुदुर्गात काजूवरील किडींच्या संशोधनाला लागल्यानंतर दुसऱ्याच वर्षी विकसनशील देशांबरोबर करावयाच्या संयुक्त संशोधनाचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. हवामानबदलापासून जैवतंत्रज्ञानापर्यंत सतरा विषय मी हौसेने लिहून काढले. आमच्या वरिष्ठांनी ते शांतपणे वाचले आणि विचारले, "यातले तीनच ठेवायचे झाले, तर कोणते चौदा सोडाल?" मला उत्तर देता आले नाही. जे तरुण संशोधक या कामाकडे वळत आहेत, त्यांनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी स्वतःला विचारावा, असे मला मनापासून वाटते.

कोणत्या देशांबरोबर काम करायचे म्हटले की आपण नकाशावरचे शेजारी मोजू लागतो. पण काजूचे नाते निराळ्या देशांशी आहे. हे झाड मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगिजांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर आणि पूर्व आफ्रिकेतही पोचले. आज भारतातील कारखाने आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया येथून काजू बी आणतात. आपल्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत स्फुरद, म्हणजे झाडाला लागणारे फॉस्फरस, अडकून बसते, तीच अडचण पश्चिम आफ्रिकेतील आणि ब्राझीलमधील तशाच तांबड्या जमिनींची आहे. ज्यांचे झाड आणि माती आपल्यासारखी, ते आपल्या कामापुरते शेजारी, असे धरून चालल्यावर माझे निम्मे विषय आपोआप गळाले.

उरलेल्यांतला क्रम मात्र कागदावर लागला नाही, तो बागेत लागला. डिसेंबरात टांझानियाचे एक संशोधक वेंगुर्ल्याजवळच्या बागेत आमच्याबरोबर फिरत होते. कोवळ्या पालवीवर काळपट चट्टे पडले होते, त्यांतून डिंकासारखा चीक आला होता आणि शेंडे सुकून माना टाकून होते. त्यांनी एक फांदी अलगद वाकवली आणि पाठीवर टाचणीसारखा उभा काटा असलेला तो बारीक, तांबूस किडा, म्हणजे आपला ढेकण्या, बोटाने दाखवला. त्याच वंशाच्या दुसऱ्या जाती त्यांच्याकडे नुकसान करतात. मी लगेच म्हणालो, "मग पहिला विषय ठरला." त्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे पहिला विषय भुरीचा आहे." टांझानियात मोहोरावरील भुरी, म्हणजे पांढरी भुकटी पसरल्यासारखा दिसणारा बुरशीचा रोग, हेच काजूचे मोठे दुखणे असून तिथे गंधकाची भुकटी धुरळतात, हे मला तोवर केवळ वाचून माहीत होते. आंब्याच्या मोहोरावरील भुरी आणि गंधक आपल्या बागायतदाराला नवे नाही. त्यामुळे ढेकण्या आमच्या आग्रहाचा आणि भुरी त्यांच्या आग्रहाची, असे दोन विषय ठरले. आपल्या गरजेला सामायिक गरज समजण्याची चूक मी तिथे जवळजवळ केलीच होती.

दुसरी चूक मात्र घडलीच. आम्ही ढेकण्याचे नुकसान दर शेंड्यामागे शून्य ते चार अशा गुणांनी मोजत होतो, तर दुसरीकडच्या गटाने फक्त बाधित झाडे मोजली होती. वर्षभराचे आकडे समोर आले, तेव्हा त्यांची तुलनाच करता येईना. विषय ठरला की निरीक्षणाचा तक्ता, मोजणीचा दिवस आणि झाडांची संख्या त्याच बैठकीत ठरवून घ्या. त्याला पैसा लागत नाही, पण हे ठरवणे पुढे ढकलले तर एक अख्खा हंगाम वाया जातो.

परवानग्यांचेही तसेच आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे आपले कलम किंवा किडींचे नमुने परदेशी सहकाऱ्याला सहज पाठवता येत नाहीत. प्रकल्पाला सरकारी मान्यता लागते आणि रोपांना विलग्नवासाचे नियम वेगळे असतात. म्हणून नमुन्यांशिवाय चालणारे काम पहिल्या वर्षी घ्यावे. निधीबाबत 1978 च्या ब्यूनस आयर्स कृती आराखड्याने, म्हणजे विकसनशील देशांमधील तांत्रिक सहकार्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत ठरलेल्या आराखड्याने, असे सहकार्य मुख्यतः विकसनशील देशांनी स्वतःच्या बळावर उभे करावे, असे म्हटले आहे. तेव्हा दोन्ही बाजूंना आपापल्या पैशात पेलेल एवढेच काम लिहिणे बरे.

तिसरा विषय आम्ही सुधारित वाणांचा ठेवणार होतो. त्याच बागेत मालकांनी विचारले, "साहेबानू, तेंचा पीक वाढला तर आमच्या बियेचो दर पडतलो, तेचा काय?" आम्ही गप्प झालो. पाहुण्यांना प्रश्न समजावून सांगितल्यावर ते म्हणाले की, त्यांच्याकडचे शेतकरी उलट विचारतात, आमची बी कच्चीच बाहेर का जाते. परतताना आम्ही गावातल्या एका लहान काजू प्रक्रिया केंद्रात थांबलो. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी जळू नये म्हणून तिथल्या बायका हाताला राख चोळून बी फोडत होत्या. पाहुणे बराच वेळ त्या हातांकडे पाहत उभे राहिले आणि त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतले. रात्री टिपण पुन्हा लिहिताना आम्ही वाणांचा विषय खोडला आणि त्या जागी लिहिले: लहान केंद्रांत बी फोडण्याची सुरक्षित पद्धत.