आयआरएतून थेट दान करताना या चुका टाळा

अमेरिकेत वयाची साडेसत्तर वर्षं पूर्ण केलेल्यांना आयआरएतली, म्हणजे स्वतःच्या निवृत्ती खात्यातली, रक्कम करपात्र उत्पन्नात न धरता धर्मादाय संस्थेला देता येते. या सोयीला क्यूसीडी म्हणतात. २०२५ साठी मर्यादा माणशी १,०८,००० डॉलर होती. मात्र पैसा कोणत्या वाटेने आणि कधी गेला, यावर सगळं ठरतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पैसे आधी स्वतःच्या बँकेत घेणं आणि मग संस्थेला चेक देणं. तिथे क्यूसीडी संपली. ती रक्कम तुमचं उत्पन्न झाली. चेक संस्थेच्याच नावाने निघाला पाहिजे. तो तुमच्या घरी आला आणि तुम्ही नेऊन दिलात तर चालतं. खातं सांभाळणाऱ्या कंपनीच्या फॉर्मवर करकपात शून्य ठेवा, कारण कापलेले पैसे संस्थेकडे जात नाहीत.

वयाचा हिशेब दिवसावर असतो. १० मार्च १९५५ चा जन्म असेल, तर १० सप्टेंबर २०२५ च्या आधी दिलेलं धरलं जात नाही. साडेसत्तर पूर्ण हवीत, ‘त्या वर्षी होणार आहेत’ हे पुरत नाही. आणि पैसे ४०१(के) मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती योजनेत, असतील तर आधी ते आयआरएत वळवावे लागतात.

आता क्रम. आरएमडी, म्हणजे दरवर्षी काढावीच लागणारी किमान रक्कम, समजा १२,००० डॉलर आहे. जानेवारीत ती सगळी खर्चासाठी काढली आणि डिसेंबरमध्ये ५,००० दान केले, तर दानावर कर नाही, पण त्या १२,००० वरचा कर काही कमी होत नाही. वर्षात आधी निघालेली रक्कमच आरएमडीत मोजली जाते. म्हणून दान आधी, स्वतःसाठी नंतर. आयआरएचं चेकबुक वापरत असाल तर आणखी सांभाळा: चेक ३१ डिसेंबरपर्यंत वटायला हवा, नुसता लिहून पोस्टात टाकून भागत नाही. नोव्हेंबरमध्येच उरका.

संस्था निवडताना मराठी माणसाचं मन गावाकडे जातं. पण साताऱ्यातल्या शाळेच्या ट्रस्टला थेट दिलेली रक्कम क्यूसीडी होत नाही. संस्था अमेरिकेतली, ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त धर्मादाय दर्जाची हवी. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, संस्था-शोध पानावर नाव टाका आणि ‘पीसी’ (सार्वजनिक धर्मादाय संस्था) ही खूण आहे का पाहा. खाजगी फाउंडेशन, आधारसंस्था (दुसऱ्या धर्मादाय संस्थांना आधार देणाऱ्या) आणि डोनर-ॲडव्हाइज्ड फंड (दान आधी जमा करून नंतर कुणाला द्यायचं ते सुचवायचं खातं) चालत नाहीत. इथल्या संस्थेमार्फत भारतात मदत पोहोचवायची असेल, तर पैशांचा निर्णय त्या संस्थेच्या हाती हवा; ती नुसती पोस्टमन नको.

दानाच्या बदल्यात दिवाळीच्या जेवणाची तिकिटं मिळाली? मग पूर्ण रक्कम बाद, फक्त जेवणाची किंमत नव्हे. म्हणून ‘बदल्यात काहीही दिलं नाही’ असं लिहिलेली पावती रिटर्न भरण्याआधी मिळवा.

१०९९-आर वर, म्हणजे खात्यातून निघालेल्या पैशांच्या कर-फॉर्मवर, हे पैसे अनेकदा साध्या रकमेसारखेच दिसतात. कर भरून देणाऱ्याला तुम्ही सांगितलं नाहीत, तर तो सगळ्यावर कर लावून मोकळा. १०४० वर, म्हणजे तुमच्या कर रिटर्नवर, ४ए या ओळीत पूर्ण रक्कम, ४बी मध्ये फक्त करपात्र भाग, आणि क्यूसीडीची नोंद. तेच दान पुन्हा वजावटीत मागू नका.