परग्रहावरची लिपी बनवताय? या चुका टाळा

गोव्यात, फोंड्याला आमच्या साय-फाय लिहिणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की वही उघडून आधी लिपी दाखवतं. दिसायला झकास असते, पण ती कोण लिहितं, कशावर, कशानं, हे विचारलं की गप्प.

मागे एका पोराचे परग्रहवासी ओल्या मातीच्या पाट्यांवर लिहायचे आणि लिपी बघाल तर सगळी वेलांट्या-वळणांची. चतुर्थी जवळ आलेली, शेजारच्या चित्रशाळेतनं मातीचा गोळा आणला, काडी हातात दिली, म्हटलं लिही बाबा तुझं पहिलं वाक्य. गोल काढायला गेला तर काडीपुढं माती ढकलली जातेय, कडेला उंचवटे येतायत, नि दुसरं अक्षर काढताना पहिलं बुजतंय. शेवटी वैतागून नुसतं टोक दाबायला लागला. सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकात, हेच झालं ना! आधी चित्रं ओरखडायचे, मग बोरू दाबून पाचरीसारख्या खुणा करायला लागले, फक्त त्यांना त्यात काही शतकं गेली. म्हणून मी आधी सामान गोळा करतो, लिपी मग.

दुसरी चूक, इंग्रजीची सव्वीस अक्षरं घेऊन प्रत्येकाला नवा आकार द्यायचा. ही लिपी नाही, शाळेतली गुप्त चिठ्ठी आहे.

सहा बोटांचे प्राणी दहाच्या पटीत मोजतात, हेही बंद करा.

आता माझा खरा राग. सगळ्यांच्या परग्रहावरच्या नोंदी म्हणजे भविष्यवाण्या आणि राजांच्या गाथा. अरे, हिशोब कुठाय? सुमेरच्या उरुक शहरातल्या सगळ्यात जुन्या, इसवी सनापूर्वी 3300 च्या आसपासच्या पाट्या बघा, बहुतेक जव, बिअर, मेंढ्या यांचाच हिशोब. दक्षिण अमेरिकेतल्या इंकांनी तर दोऱ्याच्या गाठींवर, एकक-दशक-शतकाच्या जागा ठेवून, अख्ख्या साम्राज्याचे आकडे सांभाळले. मी पहिल्यांदा पावती बनवतो, कुणी कुणाला काय दिलं, परत कधी घेणार. त्यातनं खुणा आपोआप सुचतात.

घाईत लिहिणारा कारकूनही हवा. मोडी बघा, हात न उचलता लिहायची, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. देवळावरचं अक्षर आणि कचेरीतलं अक्षर एकच असेल तर मला पटत नाही.

प्रत्येक खुणेचा अर्थ कोशात देऊ नका. उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेला चक्रव्यूह जाऊन बघा, अर्थ ठामपणे कोणालाच सांगता येत नाही, तरी माणूस वाकून बघत राहतो.

नोंदी कायम टिकतात हेही कोणी ठरवलं? आपल्याकडे एका पावसाळ्यात कागदाला बुरशी, उरलेलं वाळवीला. लिनिअर बी या प्राचीन ग्रीक लिपीच्या कच्च्या मातीच्या पाट्या टिकल्या त्या राजवाड्यांना आग लागून भाजल्या म्हणून. तुमच्या ग्रहावर काय नष्ट झालं आणि काय चुकून उरलं ते ठरवा, अर्धी गोष्ट तिथंच सापडते.

आणि फॉन्ट बनवायचं ॲप कुठलं, असं पहिल्याच दिवशी विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही.