शाकाहार सुरू केल्यावर होणारा पोटफुगीचा त्रास: माझा अनुभव

मांसाहार सोडून प्रथिनांसाठी राजमा, हरभरे अशा कडधान्यांवर भर दिल्यापासून जेवणानंतर काही तासांनी माझे पोट फुगून घट्ट होत असे. पाचक चूर्ण आणि जेवणानंतरची शतपावली यांनी फरक पडला नाही. पुन्हा मांसाहाराकडे वळावे, इतका मी वैतागलो होतो.

कडधान्यांतील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा पचवणारे विकर (एन्झाइम) मानवी लहान आतड्यात नसते. त्यामुळे मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. या शर्करा पाण्यात विरघळतात, हाच उपायाचा आधार ठरला.

प्रथम कडधान्य भरपूर पाण्यात सुमारे 12 तास भिजवावे. दाणा तोडल्यावर आत कोरडा पांढरा ठिपका दिसल्यास आणखी थांबावे. फेसाळलेले ते पाणी पूर्ण फेकून, दाणे धुऊन, नव्या पाण्यात दोन बोटांत सहज चिरडले जाईपर्यंत शिजवावे. (राजमा किमान 10 मिनिटे खळखळ उकळलाच पाहिजे, कारण कच्च्या दाण्यातील लेक्टिन हे प्रथिन विषारी असते.) सुरुवातीला दोन चमचेच खावे आणि पोट शांत राहिले तरच दर आठवड्याला प्रमाण थोडे वाढवावे. माझ्या बाबतीत ही सावकाश वाढच निर्णायक ठरली; आता वाटीभर राजमा खाऊनही त्रास होत नाही.