टर्नटेबलचे धुरकट झाकण पुन्हा पारदर्शक कसे करावे

जुने टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र, विकत घेताना लोक मोटर फिरते का, सुई शाबूत आहे का, सुई धरणारा दांडा म्हणजे टोनआर्म सैल झालेला नाही ना, हे सगळे नीट तपासतात आणि झाकणाकडे मात्र ढुंकूनही पाहत नाहीत. यंत्र घरी येऊन दिवाणखान्यात स्थिरावले, की रेकॉर्ड वाजत असो वा नसो, दिवसभर डोळ्यांसमोर राहते ते झाकणच. त्यावर वर्षानुवर्षे कोरड्या फडक्याने काढलेल्या चऱ्यांचे जाळे असेल, तर खालची रेकॉर्ड फिरवणारी चकचकीत थाळी आणि बैठकीवरचे अक्रोडाचे विनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, कितीही देखणे असले तरी ते दुधी काचेआडून पाहिल्यासारखे दिसते. म्हणून जुन्या टर्नटेबलचे रूप परत आणायचे असेल, तर जवळजवळ सगळी मेहनत झाकणावर खर्च करावी आणि लाकडाला शक्य तितका कमी हात लावावा, असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्षात बहुतेक जण याच्या नेमके उलट करतात.

या झाकणाला इतके महत्त्व कसे आले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जर्मनीतील ब्राउन कंपनीने १९५६ मध्ये ‘एसके ४’ हा रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेला संच बाजारात आणला. हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांच्या या रचनेला आधी धातूचे झाकण बसवण्याचा विचार होता. पण आवाजाबरोबर ते थरथरू लागले, तेव्हा राम्स यांनी ॲक्रिलिक या पारदर्शक प्लॅस्टिकचा पर्याय पुढे केला. लोकांनी त्या संचाला ‘स्नो व्हाइटची शवपेटी’ असे टोपणनाव दिले. तोवर घरातले असे यंत्र म्हणजे बहुधा झाकण लावले की लाकडी कपाटासारखे दिसणारे फर्निचर असे; आता यंत्र झाकलेले असतानाही दिसू लागले, आणि दिसणार म्हणून त्याची प्रत्येक कळ, प्रत्येक कड विचारपूर्वक आखली जाऊ लागली. पुढे १९७२ साली आलेले थोरेन्सचे टीडी १६०, टेक्निक्सचे एसएल-१२०० आणि याकोब येन्सन यांनी आखलेले बँग अँड ओलुफसेनचे बिओग्राम ४००० ही यंत्रे एकमेकांहून फार वेगळी असली, तरी झाकणाखालचा भाग वरून पाहण्यासाठी रचलेला असतो, हे तिन्हींत सारखेच जाणवते. पाहण्याची ही वाटच धूसर झाली, तर त्या रचनेतले निम्मे सौंदर्य वाया जाते.

पहिले काम म्हणजे झाकण यंत्रापासून पूर्णपणे वेगळे करणे. ते यंत्रावर ठेवूनच घासणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. त्यांच्या थाळीच्या बेअरिंगमध्ये जाणारी पांढरी पूड त्यांना योग्य ते उत्तर देईल. झाकण कोमट पाण्याने आणि भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाच्या दोन थेंबांनी, नुसत्या हाताने धुवावे, फडक्याने नव्हे. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढण्याचा द्रव आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव यांपैकी काहीही ॲक्रिलिकला लावू नये. साच्यात घडवलेल्या झाकणात, विशेषतः कोपऱ्यांत आणि बिजागऱ्यांजवळ, ताण साठलेला असतो. तिथे असा द्रव लागला की आतल्या आत केसासारख्या भेगा पडतात आणि त्या कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. अशा भेगा आधीपासूनच असतील, तर तो भाग तसाच सोडावा.

धुतल्यावर झाकण ओले असतानाच उजेडाकडे तिरपे धरून पाहावे. ओलेपणी जे चरे दिसेनासे होतात ते उथळ असतात. जे तरीही दिसतात आणि ज्यांत नख अडकते ते खोल असतात. चरा दिसतो तो त्याच्या खडबडीत कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून, आणि पाण्याने तो खळगा भरला की विखुरणे कमी होते. खोबरेल तेल लावून झाकण ‘नवे’ करण्याची युक्ती याच कारणाने फसवी आहे. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, सुमारे १.४९ आणि खोबरेल तेलाचा सुमारे १.४५, म्हणजे इतका जवळचा, की तेल चोपडल्यावर चरे खरोखर नाहीसे झाल्यासारखे वाटतात. विकणाऱ्याने फोटो काढण्यापुरते ते चालते. पुढे त्या तेलावर घरातली सगळी धूळ येऊन बसते. टूथपेस्टबद्दल इतकेच सांगतो, की तिने फक्त अगदी उथळ ओरखडे जातात, तेही ठिगळासारखे, आणि उरलेल्या झाकणाची अवस्था त्या चकचकीत ठिगळामुळे अधिकच उठून दिसते.

आता मुख्य टप्पा, म्हणजे पाण्याखाली घासणे. याच टप्प्यावर बहुतेक झाकणे बिघडतात, आणि मलाही तो साधायला बराच काळ लागला. कारण यात कौशल्यापेक्षा धीराचा भाग मोठा आहे आणि धीर कुठे सुटतो हे कोणी आधी सांगत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद, घ्यावा; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. गाडीच्या रंगकामाचे सामान विकणाऱ्या दुकानात वरचे नंबर अधिक खात्रीने मिळतात. खोल चरे असतील तर ८०० नंबरपासून सुरुवात करून १०००, १५००, २००० आणि ३००० असे क्रमाने वर जावे. उथळ जाळेच असेल तर थेट १५०० पासून सुरू करावे. आवश्यकतेपेक्षा खरखरीत कागदाने सुरुवात करणे हा उत्साहाचा दोष आहे, कारण जितका खोल चरा आपण स्वतः पाडू तितकाच तो नंतर आपल्यालाच काढायचा असतो. कागद अर्धा तास पाण्यात भिजवून ठेवावा, रबराच्या ठोकळ्याभोवती गुंडाळावा, आणि साबणाचा थेंब टाकलेले पाणी सतत सोडत राहावे. फक्त चऱ्यावर घासू नये. तसे केल्यास तिथे खळगा तयार होतो आणि झाकणात दिसणारे दिव्याचे प्रतिबिंब त्या जागी वेडेवाकडे होते. चरा एकच असला, तरी घासायचे ते पूर्ण पृष्ठ किंवा निदान त्याच्या आसपासचा बराच मोठा भाग.

गोल फिरवत घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला अजिबात मान्य नाही. एका नंबरला आडवे घासावे, पुढच्या नंबरला उभे, त्यापुढच्याला पुन्हा आडवे. असे केल्याने मागच्या कागदाच्या रेषा नव्या रेषांना छेदताना स्पष्ट दिसतात, आणि त्या सगळ्या नाहीशा झाल्या की मगच पुढच्या नंबराकडे जायचे हे डोळ्यांनाच कळते. गोल घासले, की कोणती रेषा कुठल्या कागदाची हे ओळखण्याचा मार्गच उरत नाही, आणि ८०० च्या काही रेषा ३००० पर्यंत लपून राहतात. शेवटी पॉलिश केल्यावर त्या प्रकट होतात, आणि तेव्हा पुन्हा खालच्या नंबरावर उतरण्याखेरीज गत्यंतर नसते. प्रत्येक नंबर संपला की झाकण, ठोकळा, बादली आणि आपले हात धुऊन पाणी बदलावे. आधीच्या कागदाचा एक खडा जरी राहिला, तरी तो पुढच्या सगळ्या कामावर रेघ ओढतो. तपासताना झाकण पूर्ण कोरडे करून, खिडकीशी तिरपे धरून पाहावे. ओले झाकण नेहमीच तुमची खोटी स्तुती करते.

धीर सुटतो तो पहिल्या कागदानंतर. ८०० ने घासलेले झाकण वाळले, की ते आधीहून कितीतरी वाईट, संपूर्ण पांढरट आणि अपारदर्शक दिसते. इथे माणूस घाबरतो आणि दोनपैकी एक चूक करतो: काम तसेच टाकून देतो, किंवा मधले नंबर गाळून थेट पॉलिशच्या डबीकडे धावतो. पॉलिशने ८०० च्या रेषा निघत नाहीत. फक्त त्यांच्या कडा गुळगुळीत होतात आणि झाकणावर कायमचे धुके राहते. पांढरेपणा सगळीकडे सारखा असेल तर काम बरोबर चालले आहे, असे समजावे. १५०० नंतर तो निळसर राखाडी होतो, २००० नंतर झाकणाआडची मोठी वस्तू ओळखू येते आणि ३००० नंतर ओल्या झाकणातून छापील अक्षरे वाचता येतात. प्रत्येक नंबराला आधीच्या नंबराइतकाच वेळ द्यावा. वरचे नंबर बारीक आहेत म्हणून ते भराभर उरकतात, असे नाही.

कडा आणि गोल कोपरे मात्र ठोकळ्याशिवाय, बोटांखाली कागद धरून, हलक्या हाताने घासावेत, कारण ठोकळा तिथे सपाट पैलू पाडतो. कंपनीचे नाव झाकणावर छापलेले किंवा चिकटवलेले असेल तर त्याभोवती बोटभर जागा सोडून मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. तेवढा तुकडा जुनाच राहिला तरी चालेल. नाव पुसलेले झाकण मूळ यंत्राचे वाटत नाही आणि त्याची किंमतही उतरते. झाकणाची आतली बाजू मी शक्यतो घासत नाही. तिथे चरे क्वचितच असतात आणि आतल्या कोपऱ्यांपर्यंत कागद नीट पोहोचत नाही.

यानंतरचे पॉलिश सोपे आहे, पण एक इशारा आहे. प्लॅस्टिकसाठीचे पॉलिश मायक्रोफायबरवर घेऊन हाताने घासले तर धोका जवळजवळ नाही, फक्त खांदे दुखतात. ड्रिलला फोमचा पॅड लावून करायचे असेल तर वेग अगदी कमी ठेवावा आणि पॅड एका जागी क्षणभरही थांबू देऊ नये. ॲक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते आणि घर्षणाने एखाद्या बिंदूवर तितकी उष्णता सहज निर्माण होते. मग तिथे लाटेसारखा डाग उमटतो आणि तो पुन्हा घासूनच काढावा लागतो. गाडीच्या हेडलाइटसाठी मिळणाऱ्या संचातले कागद आणि पॉलिश वापरायला हरकत नाही, मात्र त्यातला शेवटचा संरक्षक लेप झाकणाला लावू नये. हेडलाइट पॉलिकार्बोनेट या वेगळ्या प्लॅस्टिकचे असतात. तो लेप ॲक्रिलिकवर कसा वागेल याची हमी कोणी देत नाही.

झाकण तडकलेलेच असेल, तर नामफलक बनवणारे कारागीर ॲक्रिलिकच्या पत्र्याचे तुकडे जोडून नवे करून देतात. ते स्वच्छ दिसते, परंतु साच्यातल्या झाकणाचे गोलसर कोपरे त्याला येत नाहीत, आणि सत्तरच्या दशकातल्या यंत्रावर तो कोरा काटकोन मला तरी खटकतो.

लाकडाबद्दल थोडक्यात. बहुतेक यंत्रांची बैठक भरीव लाकडाची नसून पातळ विनियर चिकटवलेल्या बोर्डाची असते, आणि हे विनियर अनेकदा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. पॉलिश पेपरचे चार हात जास्त पडले, की खालचा बोर्ड उघडा पडतो. ओलसर फडक्याने पुसून मेणाचा पातळ हात द्यावा आणि थांबावे. बैठक सुताराकडे देऊन तिच्यावर आरशासारखे चमकदार पॉलिश चढवून घेणारे लोक मी पाहिले आहेत; त्या बैठकीवर मग बोटांचे ठसे सोडून दुसरे काही दिसत नाही.

थाळीच्या कडेवरील ठिपक्यांना धातूचे पॉलिश कदापि लावू नये, कारण अनेक थाळ्यांवर ते नुसते रंगवलेले असतात. ते शोभेचे वाटले तरी कामाचे आहेत. थाळीचा वेग बरोबर आहे का हे त्यांवरून कळते: आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेवर कडेवर प्रकाश टाकणारा निऑनचा छोटा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगासाठी कडेवर १८० खुणा लागतात, आणि वेग अचूक असला की त्या फिरत असूनही स्थिर दिसतात. अमेरिकेतल्या ६० हर्ट्‌झसाठी हाच आकडा २१६ होतो. त्यामुळे परदेशातून आणलेल्या यंत्रावर खुणांच्या दोन ओळी असतील तर आपली ओळ कोणती हे आधी पाहावे, उगाच वेगाच्या स्क्रूला हात लावू नये.

झाकण परत बसवताना बिजागऱ्यांचा ताण दोन्हीकडे सारखा आहे ना, हे पाहावे आणि ते नेहमी मध्यभागी धरून किंवा दोन्ही हातांनी उघडावे. एका कोपऱ्याला धरून उचलणे हेच बिजागरीजवळच्या भेगांचे मुख्य कारण आहे. पुसताना फडके किंचित ओलसर असावे. कोरडे घासले की स्थिर विद्युत तयार होते आणि पुसलेली धूळ लगेच परत येते. झाकणावर रेकॉर्डची पाकिटे, फुलदाणी किंवा मोबाइल ठेवू नये. यंत्र थेट ऊन येणाऱ्या खिडकीपाशी ठेवू नये, कारण बंद झाकणाखाली उष्णता कोंडते आणि थाळीवर राहिलेली रेकॉर्ड वाकते. वाजवताना झाकण उघडे असावे की बंद, हा शौकिनांचा जुना वाद आहे. बंद झाकण स्पीकरचा आवाज झेलून स्वतः कंप पावते, हे खरे. पण रस्त्यालगतच्या घरात उघड्या रेकॉर्डवर बसणारी धूळ मला त्या कंपापेक्षा जास्त ऐकू येते, म्हणून मी ते बंद ठेवतो. तुमच्या यंत्रावर फरक ऐकायचा असेल, तर सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवून, नेहमीच्या आवाजाच्या पातळीवर झाकणावर बोटाने हलकेच टिचकी मारून पाहा. स्पीकरमधून ती ठळक ऐकू आली, तर वाजवताना झाकण काढून बाजूला, मऊ कापडावर ठेवावे.